हिरवा चेंडू

सकाळी नऊच्या आत फाटकाशी रांग लागते,
चार बग्ग्या, सोळा खूर ओल्या फरशीवर,
आणि खिडकीतली मुलगी चेंडूंचा पिंजरा फिरवते.
जो रंग पडेल त्या गल्ल्या आपल्या.
चार्ल्सटनमध्ये धंदा असा चालतो: नशीब सरकारी,
आणि त्याची पावती मिळते.

मी आकड्यांची बाई. अ‍ॅम्ब्रोज होता तोवर
मी मागच्या खोलीत, तो पुढच्या बाकावर.
मला विचारा, नालबंद एका पायाचे किती घेतो,
गवताची गाठ कुठल्या महिन्यात महागते,
विमेवाला कुठल्या शब्दाला चष्मा पुसायला लागतो,
लीद पकडायची झोळी किती टाक्यांवर
आणखी एक हंगाम ओढते.
घोडं मुतलं की जागेवर झेंडा टाकायचा,
धुवायची गाडी मागून येते. झेंडा विसरलात, दंड.
सगळं वहीत आहे.
जे वहीत नव्हतं ते एझ्राला ठाऊक होतं.

एझ्रा बेल्जियन, आल्याच्या रंगाचा,
पाठ जेवणाच्या टेबलाएवढी.
ओहायोच्या एका आमिश शेतकऱ्याकडून घेतला,
नांगर ओढून खांदे घट्टे पडलेला.
त्याला इंग्रजी येत नसे.
पहिला आठवडा अ‍ॅम्ब्रोज वर बसून ओरडे
आणि हा खाली उभा, दगडी हौदासारखा.
शेवटी शेतकऱ्याला पत्र टाकलं.
उलट टपाली पाच शब्द आले, उच्चारासकट.
तेच पाच आता मी म्हणते,
कुठला शब्द कुठे संपतो ते न कळता.

मार्चमध्ये अ‍ॅम्ब्रोज गेला. तबेल्यात, हातात बादली.
बादली सांडली नव्हती, यावर लोक फार बोलले.
बोलायला काहीतरी लागतं.

एकसष्टाव्या वर्षी मी परवान्याची परीक्षा दिली.
कुठल्या घराला कुठल्या साली कोणता सज्जा लागला,
पाठ.
माझी पणजी यातल्याच एका घराच्या मागे
दुसऱ्यांच्या पावाचं पीठ मळायची.
ते परीक्षेत नव्हतं. तरी सांगते, आवाज न चढवता.
कोणी टीप कमी देतं, कोणी जरा जास्तच.

आज हिरवा चेंडू पडला.
हिरव्या गल्ल्या अ‍ॅम्ब्रोजच्या लाडक्या,
मला कधी आल्या नव्हत्या.
मागे अकरा माणसं: आयोवाचं एक भलंथोरलं कुटुंब,
आणि भांडून गप्प झालेलं एक नवं जोडपं.
पारा नव्वदीला टेकलेला.
वळणानंतर, एका निळ्या दाराशी,
एझ्रा थांबला.

मी पाचही शब्द म्हटले. मग उलट क्रमानं.
मागून कोणीतरी विचारलं, इथे काय घडलं होतं?
म्हटलं, युद्धात एका कर्नलनं इथे…
आणि पुढे सुचेना.
खोटं बोलायलाही सराव लागतो.

दार उघडलं. एक म्हातारा,
दोन पायांत दोन जातीच्या चपला,
मुठीत काहीतरी चुरचुरणारं.
माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही.
घोड्याच्या ओठांशी तळहात नेला,
पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या,
आणि एझ्रानं त्या इतक्या हळू उचलल्या
जसा झोपलेल्या माणसाच्या उशाखालून
कोणी चष्मा काढून घ्यावा.

मग म्हातारा म्हणाला, घोड्यालाच:
"चार महिने? बरा आहे ना तो?"

अकरा माणसं चिडीचूप.
त्यांना वाटलं असणार, हा सहलीतलाच भाग.
मी तोंड उघडलं.
सहावा शब्द त्या शेतकऱ्यानं
पाठवलाच नव्हता.

मागे दुसरी बग्गी येऊन उभी राहिली.
म्हातारा माझ्या हातातल्या लगामाकडे बघत होता,
मग माझ्या बोटातल्या दोन अंगठ्यांकडे.
"असं होय," एवढंच.
आणि उरलेल्या गोळ्या, कागदासकट,
माझ्या मांडीवर ठेवल्या.

रात्री वहीत लिहिलं: पेपरमिंट, एक पुडा.
कुठल्या खात्यावर टाकावं, बराच वेळ कळेना.
चाऱ्यात टाकलं.